चहाचा दरवळ आणि यंत्राचे नाक

(दृश्य : चहाच्या कारखान्यातील फर्मेंटेशनचा विभाग. चुरडलेल्या पानांचा ओलसर थर.)

निवेदन :
चहा उत्तम उतरणार की सामान्य, हे बऱ्याच अंशी पानांच्या या थरावर ठरते. मळ्यातून खुडून आणलेली पाने आधी कोमेजू देतात आणि मग सीटीसी यंत्राच्या दातेरी रुळांमधून ती चुरडून, फाडून, वळून घेतात. महाराष्ट्रात घरोघरी उकळला जाणारा चहा बहुतेक करून याच पद्धतीने तयार झालेला असतो. पान चुरडताच त्यातल्या पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर कॅटेचिन द्रव्यांच्या संपर्कात येते, आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने चहाला रंग व चव देणारी थिआफ्लेविने आणि थिआरुबिजिने तयार होऊ लागतात. यालाच चहाच्या व्यवसायात फर्मेंटेशन म्हणतात. हिरवा थर तांबूस होत जातो आणि त्याबरोबर वासही पालटतो. कच्च्या गवताचा उग्र वास ओसरतो आणि फुलांसारखा गोडसर दरवळ सुटू लागतो. या काळात वास दोनदा शिगेला पोहोचतो, आणि व्यवसायातली जाणती माणसे त्या दोन क्षणांना फर्स्ट नोज आणि सेकंड नोज म्हणतात.

ही प्रक्रिया नेमकी केव्हा थांबवून पाने वाळवणीला न्यायची, हा खरा प्रश्न आहे. घाई झाली तर कोरा चहा कच्चा आणि तुरट लागतो. उशीर झाला तर त्याची तरतरी आणि झळाळी निघून जाते. पानाची जात, खुडणीचा हंगाम आणि खोलीचे तापमान यांनुसार योग्य वेळ दररोज बदलत असल्याने नुसत्या घड्याळावर विसंबता येत नाही. म्हणून अनुभवी कर्मचारी मूठभर पाने उचलून नाकाशी धरतो, रंग निरखतो आणि निर्णय देतो. हे कौशल्य फार मोलाचे आहे. तरीही एकच वास सतत घेत राहिल्यास नाक त्याला सरावते, सर्दी झाली की गंध कळत नाही, आणि रात्रपाळीत तासन्‌तास एकसारखे लक्ष ठेवणे कुणाही माणसाला अवघड असते.

या अडचणीवर कोलकात्यात काम झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेच्या कोलकाता केंद्राने आणि जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी चहासाठी इलेक्ट्रॉनिक नाक, म्हणजे वास टिपणारे यंत्र, घडवले, आणि फर्मेंटेशनवर देखरेख ठेवण्याविषयीचे त्यांचे शोधनिबंध २००७ आणि २००८ साली प्रसिद्ध झाले.

(दृश्य : संवेदकाचे जवळून चित्रण.)

निवेदन :
या यंत्राच्या गाभ्याशी असलेला संवेदक बोटाच्या पेराहूनही लहान असतो. त्याच्या धातूच्या टोपीला जाळी असते आणि आत टिन ऑक्साइडचा थर असतो, जो काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला असतो. स्वच्छ हवेत ऑक्सिजन या थराच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विद्युतरोध जास्त राहतो. चहातून निघालेली लिनलूल किंवा जिरॅनिऑल यांसारखी बाष्पे तिथे पोहोचली की त्यांची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात असे संवेदक विकसित केले, ते घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी. वास ओळखण्याच्या कामी ते नंतर वापरात आले.

मात्र असा एकटा संवेदक फारसे काही सांगू शकत नाही. तो अनेक बाष्पांना कमीअधिक प्रतिसाद देतो, आणि रोध घटला एवढ्यावरून ते बाष्प कशाचे हे कळत नाही. या उणिवेचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे १९८२ साली वॉरिक विद्यापीठातील कृष्णा पर्साद आणि जॉर्ज डॉड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. एकमेकांपासून थोडे वेगळे असलेले संवेदक शेजारी शेजारी ठेवले, तर प्रत्येकाच्या प्रतिसादांचे प्रमाण मिळून त्या वासाचा एक आकृतिबंध तयार होतो. आपल्या नाकाची रीतही अशीच आहे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहींच्या, म्हणजे नाकातील वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचा शोध लावला आणि त्यासाठी २००४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. माणसाकडे अशा ग्राहींचे सुमारे ४०० कार्यरत प्रकार आहेत. एक रेणू अनेक ग्राहींना जागे करतो, एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो, आणि कोणकोणते ग्राही एकत्र जागे झाले यावरून मेंदू गंध ओळखतो. तेव्हा मूठभर संवेदकांच्या यंत्राकडून अत्तराच्या दुकानातले सगळे बारकावे मागणे अन्यायाचे ठरेल. ठरावीक कामासाठी निवडलेले संवेदक ते काम मात्र चोख करतात.

(दृश्य : पडद्यावर एकाच वेळी खाली झुकणाऱ्या अनेक रेषा.)

निवेदन :
नमुन्यावर साचलेले बाष्प पंपाने ओढून संवेदकांवर सोडले, की प्रत्येक संवेदकाचा रोध दाखवणारी रेषा आपापल्या वेगाने खाली येते. मग स्वच्छ हवा फिरवून संवेदक पूर्ववत होऊ देतात आणि पुढचा नमुना घेतात. दर काही मिनिटांनी हे केले, तर पानांच्या वासाचा प्रवास आकड्यांत उतरतो आणि तो शिगेला पोहोचल्याचा क्षण गणिताने टिपता येतो. कोलकात्याच्या संशोधकांनी हे निष्कर्ष रंगमापनाशी आणि जाणकारांच्या मताशी ताडून पाहिले.

तयार चहाची प्रत ठरवण्याचे काम याहून गुंतागुंतीचे आहे, आणि तिथे मशीन लर्निंगची, म्हणजे उदाहरणांवरून यंत्राला शिकवण्याची, गरज लागते. टी टेस्टर ठरावीक वजनाचा चहा ठरावीक वेळ मुरवतो, चमच्याने तोंडात जोराने ओढतो, जेणेकरून बाष्पे नाकाच्या मागच्या पोकळीपर्यंत जावीत, आणि गुण देतो. तेच नमुने यंत्रालाही हुंगवले जातात. संवेदकांचे आकडे आणि टेस्टरचे गुण यांच्या जोड्या न्यूरल नेटवर्क या शिकणाऱ्या संगणकीय प्रारूपापुढे पुन्हा पुन्हा ठेवल्या जातात, आणि अंदाज चुकला की नेटवर्कमधील जोडण्यांचे भार थोडे थोडे बदलले जातात. खरी परीक्षा शिकवणीत न वापरलेल्या नमुन्यांवर घ्यायची असते. यंत्राला प्रत म्हणजे काय, हे टेस्टरच्या गुणांपलीकडे ठाऊक नसते. दोन टेस्टरांचे एकाच चहाविषयी दुमत असेल, तर ते दुमतही यंत्राच्या शिकवणीत उतरते. म्हणून या साऱ्या उपक्रमात मला टेस्टरचे स्थान सर्वांत वरचे वाटते.

शिकवणीत आणखी एक धोका असतो. टिन ऑक्साइडचे संवेदक पाण्याच्या वाफेलाही प्रतिसाद देतात, आणि फर्मेंटेशनची खोली तर मुद्दाम दमट ठेवलेली असते. समजा, चांगल्या प्रतीचे सगळे नमुने सकाळी आणि हलक्या प्रतीचे दुपारी तपासले, तर नेटवर्क चहाऐवजी खोलीतला दमटपणा ओळखायला शिकेल आणि प्रयोगशाळेत उत्तम गुणही मिळवील. त्याचे पितळ उघडे पडेल ते कारखान्यात. त्यासाठी नमुन्यांचा क्रम मिसळावा लागतो आणि आर्द्रता व तापमान यांची नोंद सोबत ठेवावी लागते.

त्याहून चिवट अडचण काळाची आहे. तापलेला थर झिजतो, त्यावर बाष्पांचे अंश साचतात, आणि तोच वास दिला तरी महिन्यांनंतर संवेदक वेगळे आकडे दाखवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी १६ संवेदकांवर ६ वायूंची ३६ महिने मोजमापे घेतली आणि अशा १३,९१० नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. सुरुवातीच्या महिन्यांवर शिकवलेले प्रारूप पुढच्या महिन्यांच्या नोंदी ओळखताना अडखळते, हे या नोंदी वापरणाऱ्या कुणालाही दिसून येते. यावर उपाय म्हणून परिचित वायूने संवेदकांची वेळोवेळी तपासणी करतात, वेगवेगळ्या काळात शिकलेल्या प्रारूपांची मते एकत्र करतात आणि नव्या नमुन्यांवर शिकवणी चालू ठेवतात. चहाच्या बाबतीत तर पानही हंगामागणिक बदलत असते, आणि म्हणून नव्या हंगामाचे नमुने पुन्हा टेस्टरपुढे ठेवावे लागतात, त्याचे गुण पुन्हा नोंदवावे लागतात आणि त्यांवरून यंत्राची शिकवणी नव्याने घ्यावी लागते.