धुक्यात अडकलेली बाटली

मंडळी, विषय पत्रिकेत वाचलाच असेल, चीनमधले लिम्फोमाचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचे पेशंट आणि व्हायरस. त्याकडे येतोच, पण आधी धुक्याची गोष्ट, कारण तिच्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

मार्च १९६१. लंडनमध्ये डेनिस बर्किट या सर्जनचं भाषण होतं, युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या गाठींवर, त्याही लिम्फोमाच्याच. समोर अँथनी एपस्टाईन बसलेले, आणि ऐकता ऐकताच त्यांच्या मनानं घेतलं की हे व्हायरसचं काम असणार. मग युगांडाहून विमानानं गाठींचे तुकडे यायचे, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शोधायचे आणि हाती काहीच लागायचं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवलं, बाटली उशिरा आली आणि आतलं पाणी गढूळ. कुणीही म्हणालं असतं, बॅक्टेरिया झालेत, ओता मोरीत! पण एपस्टाईननी एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला तर काय, गाठीपासून सुटलेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. मग तशाच तरंगत्या ठेवून त्या वाढवल्या, इव्होन बार आणि बर्ट अचाँग सोबत होतेच, आणि १९६४ मध्ये व्हायरस दिसला. एपस्टाईन-बार व्हायरस, आपला ईबीव्ही. मी पॅथॉलॉजी शिकवताना दर बॅचला हे सांगतो, सँपल गढूळ दिसलं म्हणून फेकायचं नाही, आधी बघायचं.

आता हा व्हायरस या हॉलमध्येही आहे बरं का, घाबरू नका! जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांत तो असतो, लाळेतून येतो आणि जन्मभर गुपचूप पडून राहतो. म्हणून मला एका गोष्टीचा फार त्रास होतो. एका पेशंटच्या घरच्यांना मी रिपोर्ट समजावताना "व्हायरस" म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंचं ताट-वाटी वेगळं झालं, नातवाला जवळ जाऊ देईनात. अहो, व्हायरस तुमच्यात आधीपासून आहे, कॅन्सर काही ताटातून जात नाही! तेव्हापासून मी हे वाक्य आधी बोलतो आणि रिपोर्ट नंतर उघडतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. तर चीन.

तिथे नाकातला एक लिम्फोमा, एनके-टी सेल (एनके आणि टी या पांढऱ्या पेशींचा), युरोप-अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. नाक चोंदतं, रक्त येतं, सायनस समजून महिने जातात, काहींच्या टाळूला भोक पडतं. बायोप्सीत बऱ्याचदा नुसतं मेलेलं मांस येतं, म्हणून तुकडा नीट, पुरेसा घ्या, हात जोडून सांगतो. ईबर नावाची टेस्ट केली की जवळपास प्रत्येक कॅन्सरपेशीत ईबीव्ही सापडतो. आणि एका गाठीतल्या सगळ्या पेशींत त्याची एकच छाप असते, म्हणजे पहिली पेशी बिघडली तेव्हाच तो आत होता, मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे. मग व्हायरस सगळ्यांत असून गाठ थोड्यांनाच का? २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी एचएलए-डीपीबी१ जीनजवळचा एक फरक दाखवला, म्हणजे ज्या भागावर शरीराची व्हायरस ओळखायची ताकद अवलंबून असते तिथला. उत्तराचा तो एक तुकडा. आणि रक्तातला ईबीव्ही डीएनए मोजून उपचार लागू पडतोय का ते कळतं, हे फार मोठं काम आहे.

दुसरा व्हायरस हिपॅटायटिस बी. चीनमध्ये तो पिढ्यानपिढ्या आईकडून बाळाला गेला, २००२ मध्ये लस सरकारी लसीकरणात आली. मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमाच्या चिनी पेशंटमध्ये हा व्हायरस इतरांपेक्षा जास्त सापडतो आणि असे पेशंट वयानं लहान असतात. पुरावा ईबीव्हीइतका पक्का नाही, पण दुवा आहे. आणि इथल्या डॉक्टरांसाठी, उठायच्या आधी एवढं लिहून घ्या: रिटुक्सिमॅबच्या, म्हणजे या लिम्फोमावरच्या औषधाच्या, पहिल्या डोसआधी हिपॅटायटिस बीचं सरफेस अँटिजेन (व्हायरस आत्ता असल्याची खूण) आणि कोअर अँटिबॉडी (कधीतरी येऊन गेल्याचीही खूण), दोन्ही टेस्ट. नुसतं अँटिजेन निगेटिव्ह आलं म्हणून थांबू नका, लिव्हरमध्ये दबलेला व्हायरस त्या औषधानं उठतो.