चार फड, एक पाट

(पहाट. नदीचं पात्र.)

पावसाळा सरला की पांझरा अशी दिसते. मधे एक धार, बाकी सगळे गोटे. साक्री तालुक्यातून निघून, धुळे शहर ओलांडून ती पुढं मुडावदला तापीला मिळते. तिथवर जाताना गावोगाव तिला अडवलेलं आहे. अडवलेलं म्हणजे कसं? असं.

(दगडी बंधारा.)

उंची फारशी नाही. मोटार नाही. पाणी बंधाऱ्याला टेकतं, कडेनं पाटात शिरतं आणि उताराउतारानं रानात जातं. पांझरा, कान, बुराई आणि तिकडं बागलाणात मोसम, आरम. या नद्यांवर शेकडो वर्षं अशीच शेती भिजत आली. हीच फड पद्धत.

बंधारा सगळ्यांना दिसतो. करामत वाटपात आहे. पाटाखालची जमीन साधारण चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. यंदा इथं ऊस असेल तर पुढं पाळी दुसऱ्या फडाची. आणि शेतकऱ्याची जमीन एका जागी नाही, थोडी थोडी बहुतेक फडांत. पाऊस रुसला की पंच ठरवणार, यंदा अमुक फड कोरडा. तो कोरडा राहतो तेव्हा मोठ्या बागायतदाराचा तुकडाही कोरडा आणि दोन बिघेवाल्याचाही.

म्हणून भांडणं नव्हती, असं म्हणायचा मोह होतो. पण पाण्यावरून भांडत नाही ते गाव कसलं! त्यासाठीच तर पाटकरी. रान भिजवणार तो, मालकानं स्वतः दारं मोडून पाणी घ्यायचं नाही. त्याची मजुरी खळ्यावरच्या धान्यात. उभं पीक राखायला जागल्या वेगळा.

१८८४ साली सरकारी नोकरीत शिरलेले तरुण विश्वेश्वरय्या सुरुवातीलाच खान्देशात आले. पांझरेच्या पाण्यासाठी दातर्तीला नळाचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडं होतं. मोठ्या इंजिनिअरची पहिली परीक्षा आपल्या नदीनं घेतली, हे धुळ्यातल्या किती पोरांना माहीत आहे?

पुढं वरच्या अंगाला धरणं झाली, रानोरान विहिरी झाल्या. विहीर ज्याची त्याची, तिथं पंचांना कोण विचारतो? वाळू उपसली, पात्र खोल गेलं, काही पाटांची तोंडं उघडी पडली.

याच साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या लोकांनी आधी डोंगर राखला. कुऱ्हाडबंदी केली, जंगल वाढवलं, पाणी मुरवलं. त्या कामाचे म्होरके चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नदी राखायची सुरुवात डोंगरापासून करावी लागते, ती अशी.

(पाटाची साफसफाई. फावडी, घमेली.)

घरटी एक माणूस. गुडघाभर गाळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल. दुपारी पाटाचं तोंड मोकळं होतं.

‘पानी उनं!’

वाळलेला पाला पुढं ढकलत, फेसाळत पाणी येतं. पहिल्याच रानाचा मालक फावड्यावर हात टेकून उभा आहे. पाणी त्याच्या बांधावरून पुढं निघून जातं. आधी शेपटाकडचं रान. त्याची पाळी परवा.