मावशीचा राणादा

हे वसगडे. कोल्हापूरपासून जवळच, करवीर तालुक्यातलं गाव. आणि हा वाडा कुणाचा, हे मालिका बघणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. मालिकेतल्या गायकवाडांचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली, आणि हा वाडा बघायला लांबलांबून माणसं येऊ लागली. माझी मावशीही आली होती. पदर सारखा करून दारातल्या माणसाला विचारत होती, "राणादा हाय काय घरात?"

कोल्हापुरातल्या उत्तरेश्वर पेठेतलं तिचं घर मला आठवतं. साडेसातला शीर्षकगीत लागलं की भाकरी थापायचा आवाज थांबायचा. पिठाचे हात तसेच धरून मावशी सोप्यात येऊन उभी राहायची. तव्यावरची भाकरी कैकदा करपली.

गोष्ट तरी केवढी? शिकवणारी अंजली आणि मातीत रमलेला पैलवान राणा, सगळ्यांचा राणादा. ती समोर आली की ह्याची दातखीळ बसायची. एवढ्यावर कितीतरी महिने निघाले, कारण तो कुस्तीचा हौदा, ती तांबडी माती, ते 'चालतंय की', सगळं आमच्या रोजच्यातलं. गंगावेस तालीम आणि खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथं खोटा पैलवान आठवडाभरही खपला नसता.

रोजची मालिका चालवणं सोपं नाही. दररोज वीस-बावीस मिनिटांचा भाग तयार पाहिजे. मालिका किती लोक बघतात हे मोजणाऱ्या बार्क संस्थेचा टीआरपी दर गुरुवारी येतो आणि आकडा घसरला की कथेला नवं वळण द्यायची घाई होते. वळण सुचेपर्यंत एकाच धक्क्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे फिरून फिरून दाखवायचे. याला आपण पाणी घालणं म्हणतो. पण नुसत्या लांबीनं लोक उठून जातात, हे मला पटत नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. घरातलं वाटणारं माणूस परकं वागायला लागलं की मन उडतं.

२०१९ मध्ये राणा गेल्याचं दाखवलं. मग त्याच चेहऱ्याचा राजा राजगोंडा आला. बोलणं वेगळं, वागणं वेगळं. मावशी उंबऱ्यातून थोडा वेळ बघत राहिली. म्हणाली, "ह्यो काय आपला राणा न्हवं."

टीव्ही तिनं बंद केला नाही. शीर्षकगीत लागायचं, संवाद चालायचे, आणि आत भाकरी थापायचा आवाज चालूच राहायचा. टीआरपी मोजणाऱ्या मीटरला कुठलं चॅनल लागलंय आणि कुणी आपलं बटण दाबलंय एवढंच कळतं. ती पाठमोरी बसलेली मला दिसत होती.

जानेवारी २०२१ मध्ये मालिका संपली. शेवटच्या भागाला मात्र मावशी हात धुऊन आली आणि पाटावर नीट बसली. संपल्यावर मी विचारलं, आता काय बघणार?

"बघू की, कोण येतंय त्ये," म्हणाली, आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेली.