थंड पाण्याचा किनारा: सॅन फ्रान्सिस्कोचा ओशन बीच

श्रोतेहो, नमस्कार.

बे एरियातल्या मुलाकडे किंवा लेकीकडे जून-जुलैत जाणारे आपले लोक सुती कपडे भरून नेतात. एखाद्या दुपारी ओशन बीचवर उतरले की कुडकुडत गाडीत परततात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम कडेचा हा साधारण साडेपाच किलोमीटरचा सरळसोट किनारा. ट्रामचं शेवटचं स्टेशन किनाऱ्याला लागूनच, पाठीमागे रांगेनं घरं, आणि समोर 10 ते 15 अंश सेल्सिअसचं पाणी. हा आकडा ध्यानात ठेवा: 10 ते 15 अंश, बाराही महिने. इथलं सगळं त्या थंडीतून आलेलं आहे.

धुकंही तिच्यातूनच. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन धुकं धरते. आतल्या खोऱ्यात जमीन तापून हवा वर चढली की हे धुकं गोल्डन गेटमधून, म्हणजे खाडीच्या चिंचोळ्या तोंडातून, आत ओढलं जातं. म्हणून आत जितकं कडक ऊन, तितकं इथे दाट धुकं.

आता या थंडीची गोष्ट. 1940च्या दशकात उत्तर टोकाच्या केलीज कोव्हमध्ये काही पोरं लाटांवर जायची ती साध्या चड्डीवर, फार तर लोकरीच्या स्वेटरवर. लोकर भिजली की जड होते आणि खाली ओढते. थोडा वेळ पाण्यात, मग किनाऱ्यावरच्या शेकोटीशी. त्यांच्यातच जॅक ओनील. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न: पाण्यात जास्त वेळ टिकायचं कसं? त्यानं आधी प्लास्टिकच्या फोमचे तुकडे चड्डीत कोंबून पाहिले. थोडी ऊब मिळाली. मग हाती आलं निओप्रीन, म्हणजे आत बारीक बुडबुडे असलेलं कृत्रिम रबर.

त्याच सुमारास, खाडीपलीकडे बर्कलीच्या विद्यापीठात ह्यू ब्रॅडनर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांच्या पोशाखावर काम करत होते. 1951 मध्ये त्यांना जे उमगलं ते असं: माणूस कोरडा राहायला हवा, असं मुळीच नाही. ऊब धरतात ते रबरातले बुडबुडे. आतला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो आणि पोशाख घट्ट असेल तर तिथेच राहतो. पुन्हा सांगतो, कोरडं राहायची गरज नाही, घट्ट बसायची गरज आहे. ब्रॅडनर यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही.

इकडे ओनीलनं 1952 मध्ये या किनाऱ्यालगतच्या ग्रेट हायवेवर एका गॅरेजात सर्फचं, म्हणजे लाटांवर स्वार होण्याच्या सामानाचं, दुकान थाटलं आणि निओप्रीनची बंडी विकायला लागला. ओळखीचे म्हणायचे, किनाऱ्यावरच्या पाच मित्रांना विकशील, पुढे काय? ते रबर अस्तराशिवायचं, कातडीला चिकटायचं, घालताना फाटायचं. कापडाचं अस्तर आल्यावर ती अडचण सुटली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ओनील प्रदर्शनांत स्वतःच्या मुलांना वेटसूट, म्हणजे हाच निओप्रीनचा पोशाख, घालून बर्फाच्या पाण्यात सोडायचा! 1959 मध्ये तो दुकान घेऊन सांताक्रूझला गेला. आज जगभर थंड पाण्यात सर्फिंग चालतं, त्याचा मोठा धागा या किनाऱ्यावरच्या गॅरेजाशी जुळतो.

आजचा सूट इथे 4/3 मापाचा: छातीपाठीला चार मिलिमीटर, हातापायांना तीन. हिवाळ्यात पायमोजे आणि टोपीही. मान किंवा मनगट ढिलं असेल तर प्रत्येक लाटेबरोबर गार पाणी आत शिरतं आणि कोमट थर धुऊन जातो. तेव्हा सूट जाड घेण्याआधी मापाचा घ्या.

इथल्या लाटा कुठल्या गल्लीसमोर फुटतात त्यावरून ओळखल्या जातात: नोरिएगा, टाराव्हाल, स्लोट. लाटा पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यांवर फुटतात आणि ते दांडे हलत राहतात, म्हणून कालची जागा आज चालेलच असं नाही. खरा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. तेव्हा धुकं विरतं आणि जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा लाटेला सरळ उभी ठेवतो. हिवाळ्यात लाटा इतक्या मोठ्या की फळी घेऊन बाहेर पोचण्यातच दम निघतो.

किनाऱ्यालगतच्या ग्रेट हायवेचा लिंकन वे आणि स्लोट या रस्त्यांमधला भाग मोटारींना बंद करून 2025च्या एप्रिलमध्ये तिथे सनसेट ड्यून्स हे उद्यान झालं. शहरात त्यावर मोठा वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: समुद्रकाठावर पहिला हक्क चालणाऱ्याचा. मुंबईतही तो तसाच हवा. मोटारींना शहरात दुसरे रस्ते आहेत, आजीआजोबांना दुसरा समुद्र नाही.

असो. पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा जाकीट न्या, सप्टेंबरातही न्या. पाण्यात गुडघ्यापर्यंतसुद्धा जाऊ नका, कारण ओढ फार आहे आणि एखादी लाट अचानक खूप वर येते. समुद्राकडे पाठ करू नका. पुन्हा सांगतो, फोटो काढतानाही पाठ करू नका. कुणी ओढीत सापडलाच तर त्यानं किनाऱ्याकडे जोर लावू नये. तरंगत राहावं, किनाऱ्याला समांतर सरकावं, आणि ओढ सुटली की लाटांबरोबर आत यावं. बाहेरच्यांनी मागे उडी न घेता 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि जवळची गल्ली सांगावी.

नमस्कार.