दुसऱ्या भेटीत माड वाचताना
(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सेशेल्सला पहिल्यांदा जाणारा माणूस समुद्र बघतो आणि काळ्या-करड्या ग्रॅनाइटचे गोल खडक बघतो. माड त्याच्या फोटोत असतात, पण चौकटीसारखे. त्याच्या लेखी ते सगळे ‘नारळ’. हे पहिल्या भेटीतच समजावून सांगता आलं असतं, असं मात्र मला वाटत नाही. ताडकुळातली झाडं काळ मोजतात, आणि काळ वाचायचा तर दोन भेटी लागतात. म्हणून आजचं बोलणं माहे आणि प्रालिन या बेटांवर एकदा जाऊन आलेल्या आणि पुन्हा निघालेल्या मंडळींसाठी आहे. जुने फोटो मोबाइलमध्ये असतील तर ते आत्ता उघडून ठेवा. त्यांचा उपयोग आहे.

सुरुवात किनाऱ्यावरच्या साध्या नारळापासून करू. निरोगी, फळता माड वर्षाला बारा ते चौदा झावळ्या काढतो, म्हणजे महिन्याला एक धरायला हरकत नाही. त्याच्या डोक्यावर एका वेळी तीस-पस्तीस झावळ्या असतात. या दोन आकड्यांवरून कळतं की एक झावळी साधारण अडीच ते तीन वर्षं टिकते. तीन वर्षांनी तुम्ही त्याच माडाखाली उभे राहिलात, तर जुन्या फोटोतली एकही झावळी आता वर नाही. फुलापासून पिकलेल्या नारळापर्यंत त्याला वर्ष पुरतं, म्हणजे फळंही तीनदा उतरून गेली. आता प्रालिनच्या आतल्या रानात या. तिथं दर्याई नारळाच्या, म्हणजे कोको द मेरच्या, मादी झाडावर तीन वर्षांपूर्वी पाहिलेलं हिरवं फळ अजून त्याच जागी लटकत असतं, कारण ते पिकायला सहा-सात वर्षं घेतं. किनारा आणि हे रान यांत गाडीनं फार अंतर नाही. तेवढ्या अंतरात दोन वेगवेगळी घड्याळं चालू आहेत.

नारळाचं खोड कसं वाचायचं ते बारकाईनं सांगतो, कारण ते कोकणातही तितकंच उपयोगी पडतं. आंबा-फणसाचं खोड वर्षागणिक जाड होतं, माडाचं होत नाही. शेंड्यावरचा एकच कोंब जिवंत वाढ करतो, खालचं खोड एकदा झालं की झालं. म्हणून कोणी चाकूनं कोरलेलं नाव भरून येत नाही आणि वरही सरकत नाही. चढायला पाडलेल्या खाचा आयुष्यभर तशाच राहतात. जुन्या फोटोतली एखादी खाच खूण म्हणून धरा, ती त्याच उंचीवर सापडेल. तिथून वर, गळलेल्या झावळ्यांचे वण खोडाभोवती फिरत मोजा. एकाच बाजूनं मोजलं तर काही वण सुटतात. तरुणपणी हे वण लांब-लांब असतात, झाड म्हातारं झालं की दाटीवाटीनं येतात. मध्येच खोड बारीक झालेलं दिसलं, तर ते झाडाचे वाईट दिवस होते: पाणी कमी पडलं, नाहीतर खत-मशागत सुटली. वर पुन्हा जाडी आली असेल तर दिवस पालटले.

वाकलेल्या माडाबद्दल एक गैरसमज आहे. वाऱ्यानं माड ‘वाकतो’ असं आपण म्हणतो, पण झालेलं खोड वाकत नाही. मुळाशी माती किंवा वाळू गेली की अख्खं झाड कलतं, आणि त्यानंतरची नवी वाढ पुन्हा आकाशाकडे वळते. म्हणून बुंधा तिरका आणि वरचा भाग उभा असं धनुष्य दिसलं, तर कलणं जुनं आहे. वळणापासून वरचे वण मोजा, त्यांत डोक्यावरच्या झावळ्या मिळवा, बारानं भागा. किती वर्षांपूर्वी किनारा खचला, त्याचा अंदाज मिळतो. खोड टोकापर्यंत सरळच असून तिरकं असेल, तर झाड अलीकडेच कललंय, आणि त्याच्याखाली चटई टाकू नका.

किनाऱ्यावर उघडी पडलेली मुळं दिसली की ‘बेट बुडायला लागलं’ असं वाटणं साहजिक आहे. तिथं जरा थांबावं लागतं. सेशेल्समध्ये मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे कोरडे वारे असतात आणि डिसेंबर ते मार्च वायव्येचे पावसाळी. वारे पालटले की वाळू एकाच किनाऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि पुढच्या मोसमात बरीचशी परत येते. तुमची पहिली भेट जानेवारीतली आणि दुसरी ऑगस्टमधली असेल, तर दोन फोटोंची तुलना फसवी ठरेल. मुळं मात्र खरं सांगतात. तांबूस, लवचिक मुळं म्हणजे वाळू नुकतीच गेली. राखाडी, कडक, हातानं मोडणारी मुळं म्हणजे ती जागा फार दिवस उघडी आहे आणि वाळू परतलेली नाही.

झावळ्यांवर पंख्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर ते गेंड्या भुंग्याचं काम. भुंगा शेंड्यातल्या मिटलेल्या कोंबात शिरतो आणि आरपार खातो. कोंब उलगडला की घडी घातलेला कागद कात्रीनं कापून उघडावा तसे काप दिसतात. इथंही महिना-एक-झावळी हा हिशेब लावता येतो. काप फक्त खालच्या झावळ्यांत असतील तर भुंगा येऊन गेला. वरच्या दोन-तीन झावळ्यांतही असतील तर तो आजही तिथंच आहे, आणि जवळपास कुजका ओंडका किंवा शेणखताचा ढीग सापडायला हवा, कारण अळ्या तिथंच वाढतात.

हे सगळं नारळाचं झालं. पण सेशेल्सचे किनारे नारळांनी भरले ते मुख्यतः खोबऱ्याच्या मळ्यांमुळे, माणसाच्या हातानं. बेटांच्या स्वतःच्या ताडजाती सहा आहेत. प्रत्येक जात आपल्या प्रजातीत (‘जीनस’मध्ये) एकटी, आणि जगात दुसरीकडे कुठंही आपोआप उगवत नाही. एवढ्याशा भूभागात अशा सहा जाती, याचं अप्रूप वाटायला हवं. प्रालिनवरच्या व्हाले द माई या रानात सहाही भेटतात. हे रान जेमतेम साडेएकोणीस हेक्टर आहे आणि १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

जाण्याआधी पुण्यातच डोळ्यांना सवय लावा. पहिली खूण पानाची: पंख्यासारखं की पिसासारखं. ताडगोळ्याचा ताड पंखा, नारळ आणि शिंदी पीस. दुसरी खूण शेंड्याखालच्या गळ्याची. सोसायट्यांच्या दाराशी ओळीनं लावलेला रॉयल पाम बघा. खोड संपतं तिथं गुळगुळीत हिरवी नळी लागते. पोफळीलाही ती असते. पानांच्या विऱ्या एकात एक घट्ट गुंडाळून ती झालेली असते. नारळाला हा गळा नसतो. तिसरी खूण बुंध्याची: जमिनीत सरळ गेलाय, की मुळांच्या काठ्यांवर उभा आहे. या तीन खुणा पुरतात. उंचीवर विसंबू नका. पानांवरून मात्र एक चूक हमखास होते. या बेटांवरच्या बऱ्याच जातींची लहान रोपं काळ्या-पिवळ्या काट्यांनी भरलेली असतात आणि मोठं झाड जवळपास बिनकाट्यांचं. लोक एकाच जातीच्या दोन जाती करतात. महाकाय कासवं रोपं चरत असतील, म्हणून लहानपणीच काटे आले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो, कारण झाड कासवाच्या तोंडापलीकडे गेलं की काटेही जातात.

सर्वांत उंच तो पालमिस्त, शास्त्रीय नाव डेकेनिया. पिसासारखी पानं, गळा स्पष्ट, आणि गळ्याखाली पिवळ्या काट्यांनी भरलेली पोय साळिंदरासारखी लोंबते. ती दिसली की दुसरं काही बघायला नको. याचा कोवळा गाभा खायची चाल होती. एका ताटलीभर कोशिंबिरीसाठी अख्खं झाड मरतं, कारण कोंब एकच. लातान्ये फेय, म्हणजे फिनिकोफोरियम, वाटेवर सगळ्यांत जास्त दिसेल. पान रुंद, अखंड, टोकाशी दुभंगलेलं, कडेला दातेरी. घरं शाकारायला हेच वापरत. उजाड टेकडीवरही हा तग धरतो. लातान्ये लात, व्हर्शाफेल्टिया, ओढ्याकाठच्या उतारावर मुळांच्या उंच तिवईवर उभा असतो. त्याचं अखंड पान वाऱ्यानं फाटून पट्ट्या होतात, म्हणून आडोशातलं आणि उघड्यावरचं झाड वेगळं वाटतं. खोड चिरून भिंतींना पट्ट्या करत. आपल्याकडे पोफळीच्या रिपा करतात, तसंच. ओलसर घळीत लातान्ये मिलपात, नेफ्रोस्पर्मा: लांबलचक फुलोरा पानांबाहेर डोकावतो, आणि नावातला ‘मिलपात’ म्हणजे सहस्रपाद किडा. सहावा, रोशेरिया, सडपातळ आणि लहान, धुक्याच्या उंचीवर बरा दिसतो. त्याच्यासाठी माहेच्या डोंगरात चढा.

उरला दर्याई नारळ, कोको द मेर. पान पंख्याचं, घड्यांचं, आणि जमिनीलगतच्या तरुण झाडाचं पान मोठ्या झाडाच्या पानाहून लांब देठाचं, कारण त्याला अंधारातून उजेडापर्यंत पोचायचं असतं. नर आणि मादी झाडं वेगळी. नराचा फुलोरा हाताएवढा जाड, तपकिरी, मीटरभर लांब, त्यावर बारीक पिवळी फुलं आणि फुलांवर हिरव्या पाली. फुलोरा येईपर्यंत झाड नर की मादी हे कळत नाही, आणि त्याला वीसहून जास्त वर्षं लागतात. पाऊस पडताना या रानात असाल तर थांबून बघा. पान पन्हळीसारखं काम करतं. पाणी, परागकण, सुकी पानं, किडे-पालींची विष्ठा, सगळं देठातून खोडावर आणि खोडावरून बुंध्याशी येतं. ग्रॅनाइटची माती मुळात कसाची नाही, पण झाडाच्या पायथ्याची माती चार पावलांवरच्या मातीहून सकस असते. हे झाड स्वतःचं खत स्वतः गोळा करतं. जगातलं सर्वांत मोठं बी याच झाडाचं, वीस किलोपर्यंत आणि क्वचित त्याहून जड.

एवढं बी रुजतं कसं? ते मातीत पुरत नाहीत. पिकून पडलेलं फळ सावलीत पाचोळ्यावर आडवं ठेवतात. सोडण कुजतं आणि काही महिन्यांनी दोन फुगवट्यांच्या मधून दोरीसारखा कोंब निघतो. तो जमिनीत शिरतो आणि आडवा काही मीटर जातो. रोप त्या दोरीच्या टोकाशी उगवतं, म्हणजे आईच्या सावलीपासून दूर. बी आपल्या जागी राहून या दोरीतून पुढची काही वर्षं रोपाला पोसत राहतं. फसतं ते इथंच: कुणी बी हलवलं किंवा दोरी तुटली की संपलं, आत दुसरा कोंब नसतो. म्हणून पायवाट सोडून चालू नका. पाचोळ्याखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. पाडलेलं झाड कुजून गेलं तरी बुंध्याखालची भोकं-भोकं असलेली लाकडी वाटी कित्येक वर्षं मातीत राहते, तीही शोधा. वठलेली खोडं मुद्दाम उभी ठेवलेली असतात. प्रालिनचा काळपट पोपट त्यांच्याच पोकळीत घरटं करतो.

या फळाशी आपला संबंध जुना आहे. ताजं बी समुद्रात बुडतं, आतून कुजून पोकळ झालेलं तेवढं तरंगतं. ती पोकळ बियाणं मालदीवच्या किनाऱ्याला लागत, म्हणून नाव मालदीवचं पडलं. समुद्राच्या तळाशी हे झाड असतं, अशी समजूत होती. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्टा यांच्या ग्रंथात मालदीवच्या या नारळावर चर्चा आहे, म्हणजे झाड कुणी पाहण्याआधी दोनशे वर्षं त्याचं औषध इथं चालत होतं. झाड सापडलं ते १७६८ मध्ये, फ्रेंच मोहिमेतल्या बारे नावाच्या मोजणीदाराला, प्रालिनवर. लगेच जहाज भरून फळं हिंदुस्थानात विकायला आणली आणि भाव कोसळला. आपल्याकडे साधू-फकिरांच्या हातात दिसणारं काळं, होडीसारखं भिक्षापात्र याच फळाच्या करवंटीचं असतं.

आता पुन्हा जाल तेव्हा कुणी ना कुणी ‘एक घेऊन या’ म्हणेलच. विकायला मिळतं ते गर काढून पोकळ केलेलं, दोन भाग पुन्हा चिकटवलेलं बी असतं. त्यावर क्रमांकाची सरकारी चिकटपट्टी हवी आणि सोबत निर्यातीचा परवाना, ज्यावर तोच क्रमांक हवा. दुकानातच दोन्ही ताडून बघा, विमानतळावर नव्हे. परवान्याशिवाय स्वस्तात कुणी देत असेल तर ते रानातून चोरलेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि दरवेळी एक रुजू शकलं असतं असं बी कमी होतं. आतला गर किंवा कापलेल्या चकत्या मुळीच घेऊ नका. जमलं तर काहीच न घेता या. त्याऐवजी एका मादी झाडासमोर उभे राहून सगळ्या फळांचा मोजून एक फोटो घ्या. झाडाजवळची पाटी किंवा वाटेवरचा खुणेचा दगड चौकटीत येऊ द्या आणि तारीख लिहून ठेवा. तिसऱ्या भेटीत त्यातली काही फळं तिथंच असतील.