खिडकीचे ब्लाइंड्स तुटले, तर बिल्डरने बदलून द्यायचे का?

नमस्कार. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने लावून दिलेले ब्लाइंड्स तुटले, तर खर्च कुणाचा? आज एवढ्याच प्रश्नावर बोलू.

(ब्रॅकेट आणि स्क्रू कॅमेऱ्याजवळ धरून)

हे बघा. हे माझ्या ताईच्या घरातलं आहे, संभाजीनगरला, बीड बायपासच्या बाजूला. तिची बेडरूम पश्चिमेला. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको, चार वाजता त्या खिडकीच्या ग्रिलला हात लावता येत नाही. ताबा मिळून चौदा महिने झाले होते. एका दुपारी वावटळ उठली आणि ब्लाइंड वरच्या पट्टीसकट खाली आला. बाळ तेव्हा हॉलमध्ये झोपलेलं होतं, म्हणून निभावलं.

ताईने सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ब्लाइंड्स म्हणजे पडद्यातच जमा. त्याला एक वर्ष गॅरंटी होती, ती संपली." ताई गप्प बसली. मला काही ते पटेना. शनिवारी गेले आणि स्टुलावर चढून आधी भिंत बघितली.

भिंतीत दोन भोकं होती आणि दोन्हींत गिट्टीच नव्हती, म्हणजे स्क्रू घट्ट धरून ठेवायला भोकात ठोकतात तो तुकडा. स्क्रू नुसता पुट्टीत आणि प्लास्टरच्या वरच्या थरात पिळलेला. हे बघा, आट्यांमध्ये अजून पांढरी भुकटी अडकलेली आहे. विटेपर्यंत हा स्क्रू पोचलाच नव्हता. म्हणजे वावटळ हे निमित्त झालं, ब्लाइंड पडला तो बसवणाऱ्याच्या कामामुळे.

आणि सगळं इथेच ठरतं. रेरा, म्हणजे बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, २०१६ चा, त्याच्या कलम १४ चं पोटकलम ३. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष, कामाच्या कारागिरीतला किंवा दर्जातला दोष, किंवा विक्री करारातल्या कबुलीतली उणीव तुम्ही बिल्डरच्या लक्षात आणून दिली, तर त्याने ३० दिवसांत ती स्वखर्चाने दूर करायची. नाही केली, तर तुम्हाला भरपाई मागता येते. त्या कलमात 'ब्लाइंड्स' हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. तिथे विषय दोषाचा आहे, वस्तूच्या नावाचा नाही. 'एक वर्ष संपलं' म्हणून कुणी फोन ठेवत असेल, तर हेही त्याच्या कानावर घाला: महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या आपल्या राज्याच्या प्राधिकरणाने, दोषदायित्वाचं (दोष बिल्डरने दूर करून देण्याचं) कलम विक्री करारात बदल न करता येणाऱ्या कलमांत धरलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट. ब्लाइंड्स बिल्डरने 'दिले' हे कुठे लिहिलंय? विक्री कराराला मागे परिशिष्टं जोडलेली असतात. त्यातल्या एकात फ्लॅटमध्ये काय काय देणार याची यादी असते: टाइल्स, नळ, दरवाजे, खिडक्या. सब-रजिस्ट्रारकडे सही करताना हे पान कुणी वाचत नाही, आम्हीही वाचलं नव्हतं. ताईच्या यादीत ब्लाइंड्सची ओळ निघाली. तुमच्या यादीत नसेल तर माहितीपत्रक काढा, सॅम्पल फ्लॅटचे फोटो शोधा, सेल्सवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज बघा. जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट दाखवून दिशाभूल झाली असेल, तर त्यासाठी कलम १२ आहे.

आता जे मिळणार नाही तेही सांगते, कारण खोटी आशा लावून उपयोग नाही. ब्लाइंड्स तुम्ही गुलमंडीतून किंवा ऑनलाइन आणून स्वतः बसवले असतील, तर बिल्डरचा संबंध नाही. दुकानदार आणि कंपनीची वॉरंटी बघा. पोराने दोरी ओढून पट्टी मोडली, तर तो बिल्डरचा दोष नाही. चार उन्हाळे खाऊन कापड विटलं, तर ती वापरातली झीज. पण पहिल्याच उन्हाळ्यात पट्ट्या पापडासारख्या मोडायला लागल्या, तर दर्जाचा प्रश्न नक्की उभा राहतो. आपल्या भागात माल लावायचा तर तो इथलं ऊन सोसणारा हवा, हे बिल्डरला माहीत असायला हवं.

आणि स्टुलावर चढलाच आहात, तर खिडकीचे कोपरे बघून घ्या. आपल्याकडे काळ्या मातीवर बांधकामं आहेत, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली असेल, तर ब्लाइंडच्या आधी ती लिहून कळवा.

हो, लिहूनच. फोनवर बोललेलं हाताशी राहत नाही. ईमेल करा, सोबत स्पीड पोस्टने पत्र पाठवा. ताब्याची तारीख, परिशिष्टातली ओळ, फोटो आणि ३० दिवसांची मुदत, एवढं त्यात हवं. आणि हात लावण्याआधी भोकांचे फोटो काढा. घाईने सुतार बोलावून नवीन गिट्टी ठोकलीत की पुरावा गेला.

तरी ऐकलं नाही तर? महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण फी ५,००० रुपये आहे. एका ब्लाइंडसाठी ती परवडत नाही, भेगा आणि गळतीही असेल तर एकत्र करा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, तो मोफत आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचीही वाट आहे. ५० लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर तिथली फी जास्तीत जास्त १,००० रुपये, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

ताईला तिथवर जावं लागलं नाही. पत्र पोचल्यावर अकराव्या दिवशी माणूस ड्रिल घेऊन आला. मी त्याला म्हटलं, दादा, बाकीच्या खोल्यांतले स्क्रूही काढून दाखवा. सहा खिडक्या होत्या. एकाही भोकात गिट्टी नव्हती.