गुंठ्याचा भाव कुठून येतो?

मंडळी, अलिबागच्या खारेपाटात उभं राहून जमिनीवर बोलायचं, तर सुरुवात इथल्याच चरी गावच्या शेतकरी संपापासून करावी लागते. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोताची जमीन कसायला नकार दिला. १९३९पर्यंत शेतं पडीक राहिली, माणसं अर्धपोटी राहिली, पण मागे हटली नाहीत. पुढे १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारं कूळ कायद्याने मालक ठरलं. आज तुमच्या सातबाऱ्यावर जे नाव आहे, ते असं आलेलं आहे.

तेव्हा जमिनीची किंमत खंडीवर, म्हणजे धान्याच्या मापावर, मोजायचे. भात किती उतरतं, त्यामागे वालाला किंवा पांढऱ्या कांद्याला ओल राहते का, एवढंच बघायचे. आता विचारतात, मांडवा किती मिनिटांवर? मार्च २०२०मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहणारी रो-रो बोट सुरू झाली, मुंबईकर गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरायला लागला. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. कांदा तोच, माती तीच, भाव मात्र बदलला. म्हणजे हा भाव शेतातून आलेलाच नाही, तो धक्क्यावरून आणि पुलावरून आला आहे. म्हणूनच तो एकरावर न सांगता गुंठ्यावर सांगतात. चाळीस गुंठ्यांचा एकर आपण विकतो, आणि घेणारा मनात १,०८९ चौरस फुटांचे चाळीस तुकडे मोजत असतो.

आता नीट ऐका, कारण पैसा इथे मुरतो. कूळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. बाकीच्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ज्याला बंगला बांधायचा आहे त्याच्याकडे बहुधा सातबारा नसतो, त्यामुळे तो तुमच्या दारात येतच नाही. येतो मधला माणूस, ज्याच्याकडे शेतकरी दाखला आहे. तो भातखाचर म्हणून तुमच्याकडून घेतो, बिनशेती, म्हणजे घरं बांधण्याजोगी, करून घेतो, रस्ता आखतो आणि प्लॉट पाडून विकतो. भाव खरा उडी मारतो तो जमीन बिनशेती झाल्यावर, आणि तोवर तुमचं खरेदीखत होऊन गेलेलं असतं. शेजारच्या कर्नाटकाने २०२०मध्ये ही शेतकरी असण्याची अटच काढून टाकली. गोव्याने उलट २०२३मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. मला गोव्याची वाट जवळची वाटते, हे उघडच सांगतो.

कुळाच्या जमिनीला आणखी एक पदर आहे. पूर्वी ती विकायला कलम ४३खाली परवानगी लागायची. २०१४च्या दुरुस्तीनंतर, कुळाने कायद्याने केलेल्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम सरकारात भरून ती शेतकऱ्याला विकता येते. आकार किती असतो, आपल्याला माहीत आहे. त्याची चाळीस पट म्हणजे आजच्या गुंठ्याच्या भावापुढे काहीच नाही. सहा वर्षं उपाशी राहून मिळवलेल्या जमिनीवरचं कुलूप इतक्या थोडक्यात निघालं, याचं मला वाईट वाटतं.

विकूच नका, असं मी म्हणणार नाही. मुलीचं शिक्षण असतं, दवाखाना असतो, खारबंदिस्ती फुटून शेतात खारं पाणी शिरलेलं असतं. पण इसार घेण्याआधी घरातल्या बहिणींना बोलवा. २००५पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाएवढा आहे. तिला भाव न सांगता हक्कसोडीवर सही घेणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच घरात होतो.

दुसरं, सगळीच्या सगळी जमीन विकू नका. शेवटचा गुंठा गेला की सातबाऱ्यावरून नाव जातं आणि आपण शेतकरी राहत नाही. मग उद्या पैसे हातात असले, तरी तेच कलम ६३ आपल्यालाही आडवं येतं आणि आपल्या आजोबांनी संप करून मिळवलेल्या शिवारात आपल्यालाच खाचर घेता येत नाही. बांधाजवळची थोडी जमीन का होईना, आधी मोजणी करून, हद्दी कायम करून बाजूला ठेवा, आणि तिथे जायची वाट खरेदीखतात लिहून घ्या.